टाकी कधी लवकर संपते, कधी उरते: तणनाशक मारताना ट्रॅक्टरची खरी गती वावरातच मोजा

जुलैचा दुसरा आठवडा आला की नागपूर जिल्ह्यातल्या उमरेडकडच्या आमच्या भागात पारावर एकच विषय असतो. एक म्हणतो, "काऊन भाऊ, यंदाबी केन्याचं तण मेलं नाही." दुसरा म्हणतो, "माह्यं तर सोयाबीनच पिवळं पडलं." दोघांनी औषध एकाच दुकानातून नेलेलं असतं, डब्यावरची बॅच एक असते, आणि भाड्याने बोलावलेला बूम फवारणीचा ट्रॅक्टरही एकच असतो. मग बोलणं फिरून फिरून औषधावर येतं. माल नकली होता, दुकानदाराने फसवलं, कंपनीनं औषध पातळ केलं.

माझ्याकडे चार हंगाम हेच चालू होतं. एका वर्षी पीक पिवळं, दुसऱ्या वर्षी तण जिवंत. औषध बदललं, दुकान बदललं, नोझलही नवे टाकले, तरी दुखणं फिरून यायचंच. शेवटी दोन बांबू रोवून ट्रॅक्टरचा वेळ मोजला तेव्हा कारण सापडलं. ट्रॅक्टर ताशी ४ किलोमीटरने चालतो असं धरून मी हिशोब करत होतो आणि तो वावरात कधीच ४ ने चालत नव्हता. ज्यांना हा त्रास दरवर्षी होतो त्यांच्यासाठी सगळं सविस्तर लिहितो.

गणित कुठे बिघडतं

माझी टाकी ४०० लिटरची. बूम, म्हणजे नोझल लावलेली आडवी दांडी, १२ मीटरचा, ४० फुटांच्या आसपास, त्यावर ५० सेंटीमीटर अंतराने २४ नोझल. सोयाबीनमध्ये पेरणीनंतर १५ ते २० दिवसांनी इमॅझेथापायर १० टक्के हे तणनाशक मारायचं, हेक्टरी १ लिटर, म्हणजे एकरी ४०० मिली. एकरी २०० लिटर पाणी धरलं की एका टाकीत २ एकर व्हायला हवे आणि टाकीत ८०० मिली औषध पडायला हवं. कागदावर यात काहीच चूक नाही.

आता वावरात काय होतं ते बघा. प्रत्येक नोझल मिनिटाला १.६ लिटर फेकतो, २४ नोझल मिळून ३८.४ लिटर. टाकी साधारण साडेदहा मिनिटांत रिकामी होणार. ट्रॅक्टर हळू चालो की जोरात, ती तेवढ्याच वेळात रिकामी होणार, कारण प्रेशर रेग्युलेटरने दाब धरून ठेवलेला असतो. त्या साडेदहा मिनिटांत ट्रॅक्टर किती जमीन तुडवतो, एवढाच प्रश्न उरतो. ताशी ४ किलोमीटरने चालला तर २ एकरांच्या किंचित वर. ताशी ३.४ ने चालला तर पावणेदोन एकर. ताशी ४.८ ने चालला तर जवळजवळ अडीच एकर.

औषध मात्र तिन्ही वेळा ८०० मिलीच पडलेलं असतं. म्हणजे हळू चाललेल्या वावरात एकरी ४५७ मिली गेलं, १४ टक्के जास्त. जोरात चाललेल्या वावरात एकरी ३२४ मिली, १९ टक्के कमी. एकाच दुकानातला डबा, एकच टाकी, आणि एकाचं पीक पिवळं तर दुसऱ्याचा केना हिरवागार. माझ्या वावरात पहिल्या वर्षी ड्रायव्हर हळू चालवणारा होता. दुसऱ्या वर्षी पावसाने दोनच दिवसांची उघडीप दिली म्हणून आम्ही एक गिअर वर टाकून उरकलं. दोन्ही वर्षी औषधाला शिव्या घातल्या. औषध दोन्ही वर्षी चांगलंच होतं.

कीटकनाशकात मात्रा थोडी इकडेतिकडे झाली तर लगेच डोळ्यांना दिसत नाही. तणनाशक तेवढी मोकळीक देत नाही. पीक आणि तण दोन्ही एकाच फवाऱ्याखाली उभे असतात, आणि एकाला सोडून दुसऱ्याला मारायचं ते काम मात्रेच्या अरुंद पट्टीतच जमतं. शिवाय जास्त पडलेलं इमॅझेथापायर जमिनीत रेंगाळतं. नंतर त्याच वावरात मोहरी किंवा ज्वारी घ्यायची असेल तर त्याचा त्रास पुढच्या पिकालाही होतो.

आधी वावर बघून दोष ओळखा

गती मोजायला धावण्याआधी खात्री करून घ्या की दोष गतीचाच आहे. फवारणीनंतर आठ-दहा दिवसांनी धुऱ्यावर (बांधावर) उभं राहून नीट बघा.

तासाच्या दिशेने एक-दीड फुटाची अरुंद रेघ सलग दिसते, तिच्यात तण जिवंत आहे आणि दोन्ही बाजूंनी मेलेलं आहे, तर ते नोझल तुंबल्याचं लक्षण. तशीच सलग रेघ, पण पीक पिवळं, तर झिजलेला नोझल किंवा दोन फेऱ्यांचं एकमेकांवर चढलेलं पाणी. यात गतीचा काही संबंध नाही.

गतीचा दोष बूमच्या पूर्ण रुंदीत दिसतो. ४० फूट रुंदीचा अख्खा पट्टा पिवळा आणि थोडं पुढे गेलं की रंग पुन्हा ठीक, असं असेल तर त्या जागी ट्रॅक्टर हळू झाला होता. आमच्या वावरात खोलगट भागात पाणी थांबतं. तिथे चाकं घसरतात, ट्रॅक्टर रखडतो, नोझल मात्र फेकतच राहतात. पाण्याने आधीच दमलेल्या सोयाबीनवर तिथेच सगळ्यात जास्त औषध पडतं. बरेच जण याला "पाणी लागलं" म्हणून सोडून देतात. पाणी लागलेलं असतंच, पण काही वाटा औषधाचाही असतो.

धुऱ्याजवळ, वळणाच्या जागी पिवळेपणा असेल तर तो नोझल चालू ठेवून वळवल्याचा परिणाम. वळताना बूमचं आतलं टोक जवळपास एका जागी उभं राहतं आणि बाहेरचं टोक पळतं. आत मात्रा कितीतरी पट होते, बाहेर अर्ध्यावर येते. यावर एकच इलाज, वळणाआधी कॉक बंद करायचा आणि ट्रॅक्टर सरळ होऊन नेहमीच्या चालीला लागल्यावरच उघडायचा.

आणि सगळ्या वावरात सारखाच पिवळेपणा किंवा सगळ्या वावरात सारखंच जिवंत तण, शिवाय टाकी ठरल्यापेक्षा आधी संपली किंवा उरली, तर गतीचा हिशोब पहिल्या फेरीपासूनच चुकलेला आहे. हेच सगळ्यात जास्त आढळतं.

एक सावधगिरी. टाकी "किती एकरात" संपली हे सातबाऱ्यावरच्या आकड्यावरून ठरवू नका. त्यात पोटखराबा असतो, धुरे असतात, विहिरीची जागा असते, गोठा असतो. माझं एक वावर कागदावर ३ एकर आहे, पेरणी होते पावणेतीन एकरात. त्या पाव एकरामुळे मी वर्षभर चुकीच्या दिशेने विचार करत बसलो. फवारलेली जमीन मोजायची तर चाललेलं अंतर गुणिले बूमची रुंदी, एवढंच धरा. १२ मीटरच्या बूमला ३३७ मीटर चाललं की १ एकर होतो.

मीटरवर भरवसा का नको

आपल्याकडच्या बहुतेक ट्रॅक्टरांच्या मीटरवर काटा इंजिनाचे फेरे दाखवतो. त्याच तबकडीवर कुठे गतीचे आकडे छापलेले असले तर ते सहसा टॉप गिअरसाठी असतात. लो गिअरमध्ये फवारताना त्यांचा काही उपयोग नाही. मॅन्युअलमध्ये गिअरनुसार गतीचा तक्ता असतो, पण तो ठराविक फेऱ्यांना, कंपनीने बसवलेल्या टायरला आणि न घसरणाऱ्या चाकाला धरून केलेला असतो. १२.४-२८ च्या जागी कुणी १३.६-२८ मापाचा टायर टाकला की त्याच फेऱ्यांना ट्रॅक्टर ४ टक्क्यांच्या आसपास जास्त पळतो. नव्या मॉडेलमध्ये आकडा थेट दिसतो, पण तोही गिअरबॉक्स किंवा चाकाच्या फिरण्यावरून काढलेला असतो. चाक फिरलं म्हणजे जमीन तेवढी मागे गेलीच असं नाही, आणि काळ्या जमिनीत तर नाहीच.

आपली काळी माती ओली झाली की फुगते आणि चिकटते. टायरच्या खाचा तिने भरून गेल्या की पकडच राहत नाही. मी एकदा मागच्या टायरवर खडूने खूण करून दहा फेऱ्या मोजल्या. डांबरी रस्त्यावर दहा फेऱ्यांत ट्रॅक्टर ३८.४ मीटर गेला, वाफशावर आलेल्या वावरात ३५.९ मीटर. म्हणजे साडेसहा टक्के नुसते घसरण्यात गेले, आणि तेही जमीन चालण्याजोगी असताना. पावसानंतर घाईने दुसऱ्याच दिवशी शिरलात तर हा आकडा आणखी वाढतो.

माझ्या पहिल्या वर्षीचा घोळ यातूनच उलगडला. मी गती रस्त्यावर मोजली होती, ती बरोबर ४ किलोमीटर आली होती. वावरात साडेसहा टक्के घसरून ती ३.७४ झाली. उरलेला फरक ड्रायव्हरला विचारल्यावर कळला. "भाऊ, चाकोरीत बूम लय उड्या मारे, म्हणून रेस कमी केली." १८०० चे फेरे १६४० वर आले होते. त्याचं चुकलं नाही, बूम उड्या मारत असेल तर रेस कमी करायलाच हवी. फक्त ती कमी केलेली रेस हिशोबात धरायला हवी होती, आणि ते काम माझं होतं.

मोबाइलवरचं जीपीएस

हल्ली पहिला सल्ला हाच मिळतो, अॅप टाका आणि गती बघा. मोटारसायकलवर ४० च्या गतीला अर्ध्या किलोमीटरचा फरक पडला तर काही बिघडत नाही. फवारणीत ४ च्या गतीला अर्धा किलोमीटर म्हणजे साडेबारा टक्के. बरीच अॅप पूर्ण आकडाच दाखवतात. पडद्यावर ४ दिसतो तेव्हा खरी गती ३.५ असू शकते किंवा ४.४ असू शकते, आणि या दोन्हींमधल्या मात्रेत पंचवीस टक्क्यांचा फरक आहे. शिवाय गती बदलल्यावर आकडा उशिरा हलतो. अॅप वापरायचंच असेल तर दशांश दाखवणारं घ्या, फोन मोकळ्या आकाशाखाली बॉनेटकडे बांधा, आणि वावरात सरळ रेषेत मिनिटभर चालवून स्थिरावलेला आकडा बघा. फवारणी चालू असताना ड्रायव्हरची चाल मध्येच सुटते का हे बघायला ते चांगलं आहे. मूळ मोजणीसाठी मी ते धरत नाही.

बूमसोबत येणाऱ्या कंट्रोलरमध्ये चाकावरचा सेन्सर असतो किंवा जमिनीकडे बघणारा रडार. तेही आधी मोजलेल्या अंतरावर चालवून जुळवून घ्यावे लागतात. म्हणजे मोजपट्टीची सुटका कुणालाच नाही.

बांबू, मोजपट्टी आणि मोबाइलमधलं स्टॉपवॉच

जे वावर फवारायचं त्याच वावरात मोजा. रस्त्यावर नको, अंगणात नको, पांदणीवर नको. शक्य असेल तर फवारणीच्याच दिवशी सकाळी.

तासाच्या दिशेने ५० मीटर अंतर मोजपट्टीने मोजा आणि दोन्ही टोकांना बांबू रोवा. पावलांनी मोजू नका. नायलॉनची दोरीही नको, ती ताणली की लांबते. मला एकाने विचारलं, १० मीटर घेतलं तर चालत नाही का? नाही. स्टॉपवॉच दाबताना हात अर्धा सेकंद इकडेतिकडे होतोच. ५० मीटरला ४५ सेकंद लागतात, त्यात अर्धा सेकंद म्हणजे जेमतेम १ टक्का. १० मीटरला ९ सेकंद लागतात, त्यात तोच अर्धा सेकंद साडेपाच टक्के होतो.

टाकी साध्या पाण्याने अर्धी भरा. भरलेली टाकी ट्रॅक्टरला मागे दाबते, रिकामी तशी दाबत नाही, म्हणून मधली स्थिती घ्यायची. बूम उघडा, पीटीओ (पंप फिरवणारा ट्रॅक्टरचा मागचा दांडा) चालू करा, नोझलमधून पाणी सुरू ठेवा. पंप ओढत असताना इंजिनावर जो भार येतो तो मोजणीतही असायला हवा. गिअर तोच ठेवा ज्यात फवारणार आहात. रेस तीच, आणि ती फेऱ्यांच्या काट्यावर बघून लिहून ठेवा. पीटीओचे फेरे ५४० च्या आसपास राहतील एवढी रेस हवी, नाहीतर पंप कमी पडतो.

ट्रॅक्टर पहिल्या बांबूच्या १०-१५ मीटर मागून सुरू करा, बांबूपर्यंत येताना तो नेहमीच्या चालीला लागलेला असला पाहिजे. पुढच्या चाकाचा मध्य पहिल्या बांबूशी आला की घड्याळ सुरू, दुसऱ्या बांबूशी आला की बंद. वेळ घेणारा खाली, बांबूजवळ उभा असावा, ट्रॅक्टरवर बसून अंदाज येत नाही. एक फेरी जाताना, एक येताना, असं तीनदा करा. आपल्याला सपाट वाटणाऱ्या वावरालाही उतार असतो. माझ्याकडे जाताना ४७ आणि येताना ५१ सेकंद आले होते. सरासरी ४९.

गती काढायची असेल तर १८० ला सेकंदांनी भागा. ४५ सेकंद आले तर ताशी ४ किलोमीटर, ३६ आले तर ५, ६० आले तर ३. फुटांत मोजणाऱ्यांनी १०० फूट घेतलं तर ११० ला सेकंदांनी भागावं.

गती न काढताही काम होतं

खरं तर आपल्याला गती हवी नसते, एकरी किती लिटर पडतंय ते हवं असतं. त्यासाठी मी एक सोपा गुणाकार वापरतो.

एका नोझलचं मिनिटाला किती लिटर, ते मगने मोजा. त्याला ५० मीटरच्या सेकंदांनी गुणा. आणि नोझलमधलं अंतर ५० सेंटीमीटर असेल तर २.७ ने गुणा, ४५ सेंटीमीटर असेल तर ३ ने. जे उत्तर येईल ते एकरी लिटर.

माझं उदाहरण: १.६ गुणिले ४९ गुणिले २.७, म्हणजे सुमारे २१२ लिटर एकरी. मी २०० धरून चाललो होतो, पडत होते २१२.

इथे बहुतेक जण रेस वाढवून किंवा दाब कमी करून २१२ चे २०० करायला बघतात. मी म्हणतो, करू नका. रेस हलवली की पीटीओ हलतो. दाबावर तर फार भिस्त ठेवूच नका, कारण नोझलचा प्रवाह दाबाच्या वर्गमुळाने वाढतो. पाणी १५ टक्के वाढवायला दाब ३२ टक्के वाढवावा लागतो, पाणी दुप्पट करायला दाब चौपट. तेवढ्या दाबाला थेंब बारीक होऊन धुकं उडतं आणि शेजारच्या पऱ्हाटीवर (कपाशीवर) जातं.

ट्रॅक्टर जसा चालतो तसा चालू द्या आणि टाकीतलं औषध त्याप्रमाणे घाला. ४०० लिटरची टाकी, एकरी २१२ लिटर, म्हणजे टाकीत १.८९ एकर होणार. एकरी ४०० मिली हिशोबाने टाकीत ७५५ मिली औषध घालायचं, ८०० नाही. बस, एवढाच बदल. औषध टाकीमागे नाही, एकरामागे मोजायचं असतं. आमच्या दुकानांत "टाकीला दोन डबे" असं सांगायची सवय आहे, आणि विकत घेणाऱ्यालाही ते सोपं वाटतं. पण तुमची टाकी किती एकर जाते हे दुकानदाराला कसं कळणार?

उत्तर २०० पासून फारच लांब आलं, म्हणजे एकरी १५० च्या खाली किंवा २५० च्या वर, तर मात्र गिअर बदला किंवा नोझलचा आकार बदला, आणि पुन्हा बांबूंमधून ट्रॅक्टर न्या. आंतरराष्ट्रीय रंगखुणेत निळा नोझल ३ बार दाबाला मिनिटाला १.२ लिटरच्या जवळ देतो आणि लाल १.६ च्या जवळ. तणनाशकाला पंख्यासारखा सपाट फवारा देणारा नोझल हवा. किडीसाठीचे शंकूसारखा फवारा देणारे नोझल तसेच ठेवून तणनाशक मारणं ही आपल्याकडची जुनी खोड आहे.

मगने मोजताना सगळे २४ नोझल मोजा, फक्त एक नको. माझ्या २४ पैकी २२ नोझल १.५५ ते १.६५ लिटरमध्ये होते आणि दोन १.९ देत होते. ते दोन झिजलेले होते. नवा जेवढं देतो त्याहून १० टक्के जास्त देणारा नोझल फेकून द्यायचा. हे काम साध्या पाण्याने करत असलात तरी हातमोजे घाला, कारण पाइपात मागचं औषध राहिलेलं असतं. २०१७ च्या खरिपात विदर्भातल्याच यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतल्या विषबाधेने कास्तकारांचे आणि शेतमजुरांचे जीव गेले. तेव्हापासून आमच्या घरी हातमोज्यांशिवाय कुणी फवारणीच्या टाकीला हात लावत नाही.

टाकीचंच आणखी एक. २,४-डी हे तणनाशक मारलेल्या टाकीत नंतर पऱ्हाटीचं औषध कधी भरू नका, कितीही धुतली तरी. कपाशीला त्याचा थोडासा अंशही सोसत नाही, पानं आकसून बोटांसारखी होतात. गती कितीही बरोबर असली तरी तिथे उपयोग नाही.

पहिल्या टाकीतच पडताळा

मोजणी केली म्हणून लगेच दहा एकर मारायला निघू नका. साध्या पाण्याने टाकी एका पक्क्या खुणेपर्यंत भरा, ट्रॅक्टर सपाट जागी उभा असताना. मग वावरात बूम चालू ठेवून १६८.५ मीटर चाला, म्हणजे अर्धा एकर झाला. पुन्हा त्याच सपाट जागी या आणि मोजलेल्या बादलीने त्याच खुणेपर्यंत पाणी भरा. १५ लिटरची बादली असेल तर एकरी २१२ लिटरच्या हिशोबाने ७ बादल्या लागायला हव्या. टाकीवरच्या छापील रेघांवरून वाचू नका, ट्रॅक्टर जरा कलला तरी त्या १०-१५ लिटरने खोटं दाखवतात.

७ च्या ऐवजी ८ बादल्या लागल्या, तर तीन जागा तपासा. ड्रायव्हरने रेस हलवली का, वळणावर नोझल चालू राहिले का, आणि दाबाचा काटा मोजणीच्या वेळी होता तिथेच आहे का. ६ लागल्या तर आधी गाळणी उघडून बघा. आमच्या विहिरीच्या पाण्यात गाळ असतो आणि तीन-चार टाक्यांत गाळणी भरते, मग पंप नीट असूनही पाणी कमी येतं. रेग्युलेटरमधून टाकीत परत जाणारी धार बघा. ती अजिबात येत नसेल तर पंप नोझलांनाच पुरत नाही असं समजा. २४ नोझल मिनिटाला ३८ लिटर ओढत असतील तर ३६ लिटरच्या पंपाने ते काम व्हायचं नाही. टाकी ढवळायलाही पाणी लागतं, म्हणून पंप बराच मोठा हवा.

दुखणं परत का येतं

एकदा मोजून झालं की आपण निर्धास्त होतो, आणि पुढच्या जुलैमध्ये पुन्हा तोच पिवळा पट्टा. कारण मधल्या काळात कुणीतरी टायर बदललेला असतो, किंवा टायरमधलं पाणी काढलेलं असतं, किंवा नवा ड्रायव्हर आलेला असतो. मागच्या वर्षी वाफशावर मोजलेलं, यंदा चिखलात चाललेलं असतं. पेरणीनंतर लगेच मारायचं पेंडीमिथॅलिन हे तणनाशक ताज्या मऊ वखरलेल्या जमिनीवर पडतं, तिथे चाक जास्त रुततं. इमॅझेथापायर दोन-तीन आठवड्यांनी, पावसाने बसलेल्या जमिनीवर पडतं. या दोन फवारण्यांची सेकंदं माझ्याकडे कधीच सारखी आली नाहीत, तीन ते चार सेकंदांचा फरक असतोच. म्हणून प्रत्येक फवारणीआधी मोजणं आलं. मोजायला दोन माणसं आणि अर्धा तास लागतो. १२ एकरांचं औषध, डिझेल आणि नंतर निंदणाची मजुरी बघितली तर अर्धा तास काहीच नाही.

भाड्याने ट्रॅक्टर बोलावणाऱ्यांनी हे ट्रॅक्टर आल्यावर मागायला लाजू नये. आमच्याकडे बाहेरून येणारे दादा सुरुवातीला कुरकुरले, "आमचं रोजचं काम हाय, मोजायचं काय त्यात?" पण पहिल्या फेरीला त्यांच्याच ट्रॅक्टरला ३९ सेकंद लागले, म्हणजे ताशी ४.६. ते ४ सांगत होते. आता ते स्वतःच गाडीत मोजपट्टी ठेवतात.

पाठीवरच्या पंपालाही हाच नियम आहे, फक्त ट्रॅक्टरच्या जागी माणसाची चाल. सकाळची चाल आणि दुपारी दमल्यावरची चाल वेगळी असते, म्हणून मजुराला दोन्ही वेळा ५० मीटर चालवून बघा.

आमच्या टाकीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला ऑइल पेंटने आता हे लिहिलेलं आहे: लो-२ गिअर, रेस १६५०, वाफशावर ४९ सेकंद, मऊ जमिनीवर ५२, नोझल १.६, दाब ३ बार. शेजारी मोकळी जागा ठेवली आहे. दर फवारणीला तिथे खडूने नवे सेकंद येतात आणि त्याखाली टाकीला किती मिली घालायचं ते. पेंटचा आकडा आणि खडूचा आकडा यांत दोन सेकंदांपेक्षा जास्त फरक आला तर आम्ही औषधाचा डबा उघडायच्या आधी टायरची हवा आणि रेसचा काटा बघतो.